वाफ आधी, वारा नंतर

मागच्या अंकात एअर फ्रायरमधल्या पदार्थांवर लिहिताना मी चिकन डंपलिंगचं नाव घेतलं होतं आणि ‘पारी घरची असेल तर आधी वाफवून घ्या’ एवढंच सांगून पुढे गेले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर सबंध त्यालाच द्यायचं ठरवलं. प्रश्न थोडे आवरते घेतले आहेत आणि एकसारखे होते ते एकत्र केले आहेत.

प्र. ताई, मैद्याची पारी घरी लाटून चिकन डंपलिंग्ज केली. तेलाचा हात लावून एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर बारा मिनिटं ठेवली. चिकन शिजलं, पण कडा इतक्या कडक झाल्या की दाताने तुटेनात, आणि वर पांढरे पिठूळ डाग राहिले. वेळ वाढवली तर आणखी कडक. तापमान कमी करू की जास्त?

उ. तापमानाला हात लावू नका. आधी पाण्याचा विचार करा, कारण तुमच्या डंपलिंगला कमी पडलंय ते पाणी.

एअर फ्रायर नावाने फ्रायर असला तरी कामाने छोटा ओव्हन आहे. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची टोपली. पंखा गरम हवा जोरात फिरवतो आणि ती पदार्थाला सगळीकडून लागते. ओला कपडा भर वाऱ्यात झपाट्याने वाळतो, तसं या हवेत पदार्थाच्या अंगावरचं पाणी उडून जातं. बटाट्याच्या फोडींना हे मानवतं, कारण बटाट्यात वजनाच्या पाऊण हिश्श्याहून जास्त पाणीच असतं. वरचं थोडं गेलं तरी आतलं पुरतं. मळलेल्या पारीत पाणी निम्म्याहूनही कमी असतं. त्यातून ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड. तिच्याकडे देण्यासारखं पाणी नसतंच.

आणि पारी कच्ची आहे, हे लक्षात ठेवायला हवं. मैद्यातला स्टार्च शिजतो तेव्हा साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात. पारी थोडी अर्धपारदर्शक दिसायला लागते ती त्यामुळेच. त्यासाठी उष्णता आणि पाणी दोन्ही एकाच वेळी हवं. एअर फ्रायरच्या वाऱ्यात स्टार्च शिजायच्या आतच पृष्ठभागाचं पाणी गेलेलं असतं, मग तो नुसता वाळतो. तुमचे पांढरे डाग म्हणजे हा वाळलेला, कच्चा मैदा. पोटाकडचा भाग बरा राहिला असेल, कारण त्याला आतून सारणाची वाफ मिळते. कडांपर्यंत ती पोचत नाही. शिवाय तिथे पारी दुहेरी असते, चुण्या घातल्या तर तिहेरी. तेलाने पाणी उडायला थोडा वेळ लागतो इतकंच, तेल काही पाणी पुरवत नाही. म्हणून वेळ वाढवली की फक्त कडकपणा वाढतो.

तेव्हा शिजवण्याचं काम वाफेला द्या आणि कुरकुरीत करण्याचं वाऱ्याला. मी अशी करते: चाळणीला तेल चोळून डंपलिंग्ज एकमेकांना न चिकटतील अशी मांडायची आणि पाणी खळखळ उकळत असताना झाकण लावून ८ मिनिटं वाफवायची. काढून ताटात दोन-तीन मिनिटं उघडी ठेवायची, म्हणजे अंगावरचा ओलसर चिकटपणा जातो. मग ब्रशने सगळीकडून तेल लावायचं, कडांना जरा जास्तच. आधी तापवलेल्या एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर ५ ते ६ मिनिटं, तिसऱ्या मिनिटाला उलटायची. शिजलेल्या पारीच्या आत आता पुरेसं पाणी असतं, त्यामुळे वारा वरचा पातळ थर तेवढा वाळवतो आणि खालची पारी मऊ राहते. चावताना आधी कुरकुर आणि मग लुसलुशीतपणा लागतो तो यामुळे.

वाफवायची सोय नसेल तर उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगली की आणखी ३ मिनिटं ठेवून झाऱ्याने काढा आणि नीट निथळू द्या. अशी डंपलिंग्जही चांगली होतात, पण पारी थोडी जास्त पाणी पिते, म्हणून एअर फ्रायरमध्ये दोनेक मिनिटं जास्त लागतात.

एक गोष्ट खास सांगायची आहे. विकतच्या गोठवलेल्या डंपलिंग्जपैकी काही कारखान्यातच वाफवून गोठवलेली असतात. त्यांच्या पाकिटावर ‘थेट एअर फ्रायरमध्ये इतकी मिनिटं’ असं लिहिलेलं असतं आणि ते त्यांच्यापुरतं बरोबर असतं. तीच वेळ घरच्या कच्च्या पारीला लावली की तुमच्यासारखं होतं.

प्र. मी तर डंपलिंग्ज कधीच वाफवत नाही. तयार पाऱ्या आणते, सारण भरते, तेल लावते आणि थेट एअर फ्रायरमध्ये टाकते. छान कुरकुरीत होतात. मग हा वाफेचा खटाटोप कशाला?

उ. तुमचं चाललंय ते योग्यच आहे. तयार पाऱ्या यंत्रावर लाटलेल्या, खूप पातळ असतात. पातळ पारी तेल लावून वाऱ्यात ठेवली की ती पापुद्र्यासारखी पूर्णच कुरकुरीत होते, आणि तो पदार्थ म्हणून चांगलाच लागतो. फक्त त्यात मऊ पारीची मजा नसते, आणि गार झाल्यावर कडा फार कडक होतात, तेव्हा लगेच खायला हवीत. तुमच्या पद्धतीत एकच काळजी घ्या. पारी सोनेरी व्हायला वेळ लागत नाही, पण आतलं चिकन अजून कच्चं असू शकतं. सारण लहान चमचाभरच भरा, तापमान १९० अंशांच्या वर नेऊ नका आणि ९-१० मिनिटांनी एक डंपलिंग तपासून पाहा. कसं तपासायचं ते पुढच्या एका उत्तरात आहे. अंडं फेटून लावत असाल तर तेही थांबवा. त्याने रंग लवकर येतो आणि तो रंग पाहून आपण फसतो.

प्र. पारीसाठी मैदा गरम पाण्यात भिजवायचा की गार पाण्यात? दोन्ही प्रकारे सांगणारे भेटतात. प्रमाणही द्यावं.

उ. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कामं वेगळी. गार पाण्याने ग्लूटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, घट्ट बांधलं जातं, पारी चिवट होते आणि उकळत्या पाण्यात हेलकावे खाल्ले तरी फाटत नाही. नुसती उकडून खायची असतील तर गार पाणी घ्या. उकळतं पाणी घातलं की काही स्टार्च तिथल्या तिथेच शिजतो आणि जास्त पाणी धरून ठेवतो. ग्लूटेनचा ताणही ढिला पडतो. पारी मऊ, लाटायला सोपी आणि वाऱ्यात उशिरा वाळणारी होते. एअर फ्रायरसाठी मी कायम गरम पाण्याचीच बाजू घेईन.

२५० ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ आणि साधारण १४५ मिलिलिटर पाणी. पाणी उकळी आल्यावर एक मिनिट थांबून ओता आणि चमच्याने किंवा काडीने हलवत राहा. सगळं पाणी एकदम ओतू नका. शेवटचे दोन चमचे हातात ठेवा, कारण प्रत्येक मैदा सारखं पाणी घेत नाही. हाताला सोसेल इतकं निवलं की पाच-सात मिनिटं मळा. सुरुवातीला ते खडबडीत दिसेल, पण घाबरून पाणी वाढवू नका. झाकून अर्धा तास ठेवा आणि पुन्हा दोन मिनिटं मळा. आता ते गुळगुळीत होतं. हा अर्धा तास टाळला तर पारी लाटताना आखडून परत येते.

साधारण १२ ग्रॅमची एक लाटी घ्या. या मापात ३० ते ३२ होतात. बाकीच्या लाट्या ओलसर कापडाखाली झाकून ठेवा. पारी आठ-नऊ सेंटिमीटर रुंद, कडेला पातळ आणि मधे जाड लाटा. लाटणं कडेकडून मध्यापर्यंतच न्यायचं, मध्यावरून पलीकडे जायचं नाही, आणि दर वेळी पारी थोडी फिरवायची. कडा पातळ का, तर मिटल्यावर तिथे थर दुप्पट होतात. ज्यांना जाड कडांचा त्रास होतोय त्यांनी हे एवढं केलं तरी मोठा फरक पडेल.

प्र. माझं सारण दर वेळी कोरडं होतं. चिकनच्या छातीचा खिमा वापरते, कारण तो हलका. कोबी आणि कांद्याची पात घालते. चव असते, पण चोथा चावल्यासारखं वाटतं. आणि गंमत म्हणजे भरताना तेच सारण पाणी सोडत असतं!

उ. तुमच्या पत्रातल्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि मला तर डंपलिंगमधला हाच भाग सगळ्यात आवडतो. पाणी सारणात आहे, पण चिकनने ते धरलेलं नाही.

छातीच्या मांसात चरबी अगदी कमी असते. जमलं तर मांडीचा खिमा घ्या, निदान अर्धा-अर्धा. छातीचाच हवा असेल तर ३०० ग्रॅमला एक मोठा चमचा तेल घाला. पण चरबीपेक्षाही महत्त्वाचं आहे ते मीठ घालून फेटणं. खिमा गार हवा, थेट फ्रिजमधून काढलेला. त्यात आधी फक्त मीठ घाला, ३०० ग्रॅमला पाऊण लहान चमचा. सोया सॉस घालणार असाल तर अर्धाच. आता हाताने किंवा लाकडी चमच्याने जोरात फेटा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटी होऊन बाहेर येतात आणि खिमा चिकट व्हायला लागतो, भांड्याच्या कडेला ओढल्यावर तार दिसते. ही चिकट प्रथिनंच पुढे पाणी धरून ठेवतात. एकाच दिशेने फेटा असं बरेच जण सांगतात. मी मात्र दिशेपेक्षा जोर आणि गारवा यांकडे लक्ष द्यायला सांगेन.

आता पाणी. ३०० ग्रॅम खिम्याला चार मोठे चमचे गार पाणी किंवा चिकनचं गार सूप, पण एका वेळी एकच चमचा. पहिला चमचा पूर्ण जिरला, भांड्याच्या तळाशी थेंब दिसेनासा झाला की दुसरा. कच्च्या सारणात पाणी ओतायला नवख्या हाताला धीर होत नाही, पण हेच पाणी आत राहून डंपलिंग रसाळ करतं.

कोबी दीडशे ग्रॅम, अगदी बारीक चिरून पाव चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळून घ्या. ते पिळलेलं पाणी टाकू नका. खिम्यात घालायच्या चार चमच्यांपैकी दोन त्याचेच घाला. त्यात कोबीचा गोडवा असतो. मीठही असतं, तेव्हा तेवढं वरच्या मिठातून कमी करा. कोबी, पात, आलं, मिरपूड आणि चमचाभर तिळाचं तेल सगळ्यात शेवटी हलक्या हाताने मिसळा. तेल आधी घातलं तर खिमा नीट चिकट होत नाही. मग सारण झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. गार सारण घट्ट होतं आणि भरताना पसरत नाही.

चव बघायला कच्चं सारण जिभेवर ठेवू नका. चिमूटभर तव्यावर परतून खा आणि मग मीठ ठरवा.

प्र. घरात लहान मुलं आहेत. आठ मिनिटं वाफवून, एअर फ्रायरमध्ये ठेवूनही एका डंपलिंगचं चिकन आतून गुलाबीसर दिसलं. मी सगळी टाकून दिली. ती खरंच कच्ची होती का? आणि विकतचा खिमा धुऊन घ्यायचा का?

उ. मुलांच्या बाबतीत शंका आली आणि तपासायला साधन नव्हतं, तर टाकून दिलीत ते बरोबरच केलंत. पण रंग हा खात्रीचा पुरावा नाही, दोन्ही बाजूंनी. पूर्ण शिजलेलं चिकन कधी कधी गुलाबी राहतं, आणि पांढरं दिसणारं चिकन पुरेसं तापलेलं असेलच असं नाही. खात्री एकाच गोष्टीने होते: चिकनच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअस तापमान. त्या तापमानाला साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू मरतात. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, पण खिमा करताना ते आतबाहेर सगळीकडे मिसळतात. म्हणून खिम्याला ही काळजी जास्त.

टोकदार सळईचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. पोट वरून टोचू नका, एका टोकाकडून आडवा घाला म्हणजे टोक सारणाच्या मध्याला पोचतं. सगळ्यात मोठं आणि चाळणीच्या मध्यभागी ठेवलेलं डंपलिंग तपासायला निवडा. ते ७४ वर असेल तर बाकीचीही असतात. माझ्या वर्गात मी शिकणाऱ्या प्रत्येकीला हे करून दाखवते, आणि डंपलिंग्जसाठी दुसरं काहीही नवीन विकत घेऊ नका, पण हे घ्या, असं आवर्जून सांगते.

खिमा धुऊ नका. चिकनचे तुकडेही धुऊ नयेत. नळाखाली धरलेल्या चिकनवरून उडालेले शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर जातात, आणि जंतू पाण्याने जात नाहीत, आचेनेच मरतात. सारण भरताना फोन, मीठाची बरणी, फ्रिजचं दार यांना हात लावायचा असेल तर आधी साबणाने धुवा. कच्चं सारण फ्रिजमध्ये एक दिवस, फार तर दोन दिवस. ओट्यावर मात्र गरजेपुरतंच बाहेर काढा आणि थोडं-थोडं वापरा.

प्र. ताई, मी विद्यार्थी आहे. खोलीवर फक्त एअर फ्रायर आणि पाणी तापवायची किटली आहे. गॅस नाही, स्टीमर नाही. मला जमेल का?

उ. जमेल, आणि चांगलं जमेल. एअर फ्रायरच्या आतच वाफ करायची.

टोपलीत मावेल असा गोल केकचा टिन किंवा स्टीलचा डबा शोध, प्लॅस्टिकचा अजिबात नको. त्याला आतून तेल लाव. त्यात सहा-सात डंपलिंग्ज एका थरात मांड आणि किटलीतलं उकळतं पाणी तीन मोठे चमचे तळाशी घाल. वरून ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट लाव आणि कडा डब्याखाली नीट दुमडून घे. सैल राहिली तर पंख्याच्या वाऱ्याने ती उडून कॉइलला लागू शकते. १८० अंशांवर १२ मिनिटं ठेव. काढताना फॉइल तुझ्यापासून दूरच्या बाजूने उघड, वाफ चांगलीच भाजते. पारी सगळीकडे चकचकीत आणि थोडी पारदर्शक दिसली पाहिजे. कुठे पांढरी राहिली असेल तर चमचाभर उकळतं पाणी घालून परत झाकून तीन मिनिटं. मग डंपलिंग्ज थेट टोपलीत घे, तेल लाव, २०० अंशांवर ५ मिनिटं.

पारी तयार मिळत असेल तर तीच आण. एवढ्याशा खोलीत मैदा लाटत बसण्यापेक्षा तो वेळ सारण फेटायला दे. तयार पारीला कोरडं पीठ लावलेलं असतं, म्हणून मिटताना कडेला बोटाने पाणी फिरवायला विसरू नकोस.

प्र. एकदम साठ-सत्तर करून फ्रीझरमध्ये ठेवायची आहेत. कच्ची ठेवू की वाफवून? आणि काढल्यावर आधी वितळू द्यायची का?

उ. वितळू मुळीच देऊ नका. वितळताना सारणाचं पाणी पारीत उतरतं, तळ चिकट होतो आणि उचलायला गेलं की फाटतो.

पुढे एअर फ्रायरमध्येच करायची असतील तर वाफवून ठेवा, असं माझं मत. शिजलेली असल्यामुळे घाईच्या वेळी सोपी पडतात. वाफवल्यावर पसरून गार करा, पण दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. मग ताटाला बटर पेपर लावून, एकमेकांना न चिकटता, उघडीच फ्रीझरमध्ये ठेवा. दोन-तीन तासांत कडक झाली की पिशवीत भरून हवा काढून बंद करा. उणे १८ अंशांवर दोन महिने चव चांगली टिकते. खायच्या वेळी गरम पाण्यात क्षणभर बुडवून काढा म्हणजे पारीला पुन्हा ओल मिळते, तेल लावा आणि १९० अंशांवर ९-१० मिनिटं. मधलं तापमान इथेही ७४ च.

कच्ची गोठवलीत तर गोठलेलीच चाळणीत ठेवून ११-१२ मिनिटं वाफवा आणि मग एअर फ्रायर.

प्र. वाफवताना दर खेपेला दोन-तीन डंपलिंग्ज फुटतात. सारण जास्त होतं का?

उ. बहुतेक वेळा सारणापेक्षा आत अडकलेली हवा कारणीभूत असते. ती तापून फुगते आणि कमकुवत जागेतून बाहेर पडते. मधोमध आधी चिमटून घ्या, मग एका बाजूने मिटत जात सारणाला बोटाने हलकं दाबून हवा दुसऱ्या बाजूने काढून टाका, आणि शेवटी ते टोक बंद करा. कडेवर सारणाचा तेलकट ठिपका लागला असेल तर ती जागा चिकटतच नाही. कोरड्या कापडाने पुसून मग दाबा. १२ ग्रॅमच्या पारीला १३-१४ ग्रॅम सारण पुरतं. सुंदर चुण्या येत नसतील तर साधी अर्धचंद्रासारखी मिटा. एअर फ्रायरसाठी तीच जास्त चांगली, कारण कडेला थर कमी.

प्र. टोपलीला चिकटू नये म्हणून कागद घालते, तर परवा तो जळका वास आला. एकदा धूरही झाला. एअर फ्रायर बिघडलाय का?

उ. बिघडलेला नसावा, पण कागदाचं तातडीने थांबवा. एअर फ्रायर रिकामा तापवताना आत कागद कधीही ठेवायचा नाही. त्यावर वजन नसल्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने तो वर उडतो, कॉइलला चिकटतो आणि पेट घेऊ शकतो. कागद वापरायचाच असेल तर भोकं पाडलेला, डंपलिंग्जच्या पसाऱ्यापेक्षा मोठा नसलेला, आणि डंपलिंग्ज ठेवतानाच आत घातलेला. मी कागद घालतच नाही. तापलेल्या जाळीला ब्रशने तेल लावलं आणि डंपलिंगच्या बुडालाही लावलं, तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत बूड सुटं होतं. त्याआधी उचकटायला जाऊ नका.

दाबाच्या डब्यातला तेलाचा फवारा नॉनस्टिक टोपलीवर मारत असाल तर तोही बंद करा. अशा बऱ्याच फवाऱ्यांमध्ये तेलाबरोबर लेसिथिन नावाचा चरबीसारखा पदार्थ असतो आणि त्याचा चिकट, पिवळट थर टोपलीवर बसतो, तो घासून निघत नाही. साधं तेल आणि ब्रश पुरे.

धूर खाली गळलेल्या चरबीचा असतो. टोपलीखालच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घाला आणि दर खेपेनंतर ते भांडं पुसून घ्या.

प्र. मी सत्तरी ओलांडलेला वाचक आहे. डॉक्टरांनी तेल आणि मीठ दोन्ही कमी करायला सांगितलंय, म्हणून मुलाने एअर फ्रायर आणून दिला. पण तव्यावरची डंपलिंग्ज मी खाल्लेली आहेत आणि या यंत्रात ती चव येत नाही असं मला वाटतं. आपलं प्रामाणिक मत काय? शिवाय ही एवढी जुनी पाककृती अशा यंत्रात करणं कितपत योग्य?

उ. आपलं निरीक्षण खरं आहे. चिनी ग्वोत्ये किंवा जपानी ग्योझा झाकणाच्या तव्यात करतात: आधी तेलावर बूड लाल करायचं, मग थोडं पाणी ओतून झाकायचं, आणि पाणी आटलं की पुन्हा बूड कुरकुरीत होऊ द्यायचं. वाफ आणि भाजणं एकाच भांड्यात होतं. तापलेल्या धातूला चिकटून बसलेल्या बुडाला जो खमंगपणा येतो, तो फिरत्या हवेला देता येत नाही. एअर फ्रायरमध्ये सगळीकडून सारखी, पातळ कुरकुर येते. मला दोन्ही आवडतात, पण एकच निवडायला सांगितलं तर मी तव्याचं नाव घेईन.

पदार्थ जुना आहे हेही खरं. चीनमधल्या शिन्जियांग प्रांतात, तुर्फानजवळच्या आस्ताना इथल्या थडग्यांमध्ये तांग राजवटीच्या काळातली, म्हणजे हजार वर्षांहून जुनी डंपलिंग्ज सापडली आहेत. वाळवंटी कोरड्या हवेत वाळून ती आकारासकट टिकली. घरगुती एअर फ्रायर बाजारात आला तो २०१० साली. इतक्या शतकांत हा पदार्थ उकडला, वाफवला, तळला, तव्यावर भाजला गेला. आपल्या डॉक्टरांचं ऐकण्यासाठी तो आणखी एका यंत्रात शिरला तर मला त्यात काही गैर वाटत नाही.

तेलाचं सांगायचं तर २० डंपलिंग्जना ब्रशने लावायला दोन लहान चमचे, म्हणजे १० मिलिलिटर तेल पुरतं. मांडीच्या खिम्याऐवजी छातीचा घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे पाणी नीट जिरवा. पण आपल्यासाठी तेलापेक्षा सोया सॉसकडे लक्ष द्यायला हवं. नेहमीच्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि प्रौढ माणसाने दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी आपल्याला याहूनही कमी सांगितलं असेल. तेव्हा सारणात सॉस घालू नका. बुडवून खायला दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा पाणी, किसलेलं आलं, चिमूटभर साखर, थोडी लाल मिरची आणि सोया सॉसचे फक्त पाच-सहा थेंब असं कालवा. आंबट आणि आल्याचा झणका असला की मीठ कमी आहे हे जिभेला फारसं जाणवत नाही.

माझ्या सासूबाईंना कडक चावत नाही, म्हणून त्यांची डंपलिंग्ज मी वाफेवरून थेट ताटलीत वाढते आणि बाकीच्यांची एअर फ्रायरमध्ये जातात. आपल्यालाही कडा त्रास देत असतील तर २०० अंशांवर तीनच मिनिटं ठेवा. रंग फिका राहील, पण पारी मऊच राहील.